हायचं बहुमत

कळंबच्या नाक्यावर सध्या जो फलक लागलाय, त्यात शकुंतला भिवाजी कोळंबे ह्यांचं नाक फोटोवाल्यानं लहान करून दिलंय. ते नाक मी तिच्या शाळेपासून बघतोय, माझी खात्री आहे. नाकाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'विधानसभेच्या माननीय उपाध्यक्षा'. ह्या भागातून त्या खुर्चीपर्यंत पोचलेली ही पहिलीच बाई, असं पेपरवाल्यांनी छापलं, ते बरोबर आहे. पण ती तिथं पोचली ती म्हणे 'जिद्द, चिकाटी आणि जनसेवेच्या बळावर'. हे वाचून नाक्यावर चहा पिणाऱ्या तिघांना ठसका लागला. जिद्द होती, नाही म्हणत नाही. पण सगळा प्रकार घडला तो एका शब्दापायी. आमच्याकडं बोलायला लागलेलं पोर पहिल्या वर्षात तो शब्द शिकतं, आणि त्याच शब्दानं आमची शकू खुर्चीला मुकत होती.

सुरुवात भिवाजीपासून करायला हवी, नाहीतर तो रुसतो. भिवाजी म्हणजे शकूचा नवरा. भाताची शेती, दारात एक टेंपो, आणि डोक्यात लग्नाच्या आधीपासून एकच खूळ: सरपंच व्हायचं. त्यासाठी त्यानं पांढरे कपडे शिवून ठेवले होते. आरशासमोर हात जोडायची तालीम करायचा. कुणी मेलं की सगळ्यांत आधी पोचायचा आणि सगळ्यांत शेवटी निघायचा. आणि नेमकी त्याची पाळी आली त्या वर्षी सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली आणि अक्कलही आली. शकूला म्हणाला, "नाव तुजं लावू. कारभार मी बघीन. तू नुसती सही कर."

शकू निवडून आली. पहिल्या सभेला भिवाजी पांढरे कपडे घालून थेट सरपंचाच्या खुर्चीत बसला. शकू दारात उभी. ग्रामसेवक नवा होता बिचारा, त्यानं विचारलं, "सरपंच कोण?"

"मीच समजा," भिवाजी म्हणाला.

शकू म्हणाली, "समजा की. पण मग आजपासून सगळंच समजा. पाण्याच्या लायनीत हंडा घेऊन तुमी उभं ऱ्हावा, सांच्याला भाकऱ्या तुमी थापा, आन् माज्या आईच्या पायाला तेल तुमी लावा. मी बसते वट्यावर पेपर वाचीत."

सदस्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. भिवाजी उठला. पण माणूस मनाचा मोठा. उठताना त्यानं खुर्ची धोतराच्या सोग्यानं पुसून दिली. 'बायकोला खुर्ची पुसून देणारा तालुक्यातला पहिला बाप्या मी,' असं तो आता अभिमानानं सांगतो. खरं म्हणजे त्या दिवशी त्यानं पॅंट घातली होती आणि खुर्ची रुमालानं पुसली होती. धोतर त्यानं नंतर घातलं, गोष्टीत.

पुढं शकू पंचायत समितीवर गेली, मग जिल्हा परिषदेवर. आमदारकीचं तिकीट तिला मिळालं, कारण पक्षातले दोन मोठे पुढारी त्या तिकिटावरून भांडत होते आणि दोघांनाही दुसरा जिंकण्यापेक्षा पक्ष हरलेला चालणार होता. समोर उमेदवार साईनाथ, शेतघरं आणि रिसॉर्टं बांधणारा, सोन्याच्या साखळीनं मान वाकलेला. साईनाथनं सभा घेतल्या, ढोलताशे आणले, कर्जतपासून खोपोलीपर्यंत गाड्या पळवल्या. शकूनं काय केलं? हंगाम लग्नांचा होता. तिची आई चिंधी, ती आमच्या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. आमच्याकडं लग्नात धवले गायचा रिवाज आहे. धवलारणीनं गायल्याशिवाय नवऱ्यामुलाला हळद लागत नाही की मुंडावळ्या बांधल्या जात नाहीत. शकूला आईचे सगळे धवले पाठ. ती ज्या मांडवात शिरली तिथं बसून गायली. मत मागितलंच नाही. साईनाथ भाषणात म्हणाला, "त्या फक्त गाणी म्हणतात, विकास कोण करणार?" तेव्हा त्याचीच चुलती मागून बोलली, "आरं, तुज्या लग्नात कोण गायलं व्हतं रं?" तिथंच निकाल लागला.

तर अशी आमची बाई विधानसभेत गेली, आणि तिथं गोची झाली. तिची भाषा कळंबची. हाय आणि नाय. पहिल्याच भाषणात म्हणाली, "अध्यक्ष महोदय, शिळफाट्याला गाडी जागची हलत नाय, आन् हे कुनालाच दिसत नाय." सभागृह हसलं. मुद्द्याला नाही, 'नाय'ला. पुढं ती उभी राहिली की मागून कुणीतरी हळूच 'हाय' म्हणायचं. तिनं बोलणं सोडलं नाही, पण अध्यक्षांची नजर तिच्याकडं वळणं कमी होत गेलं. सभागृहात असं असतं म्हणे, खुर्चीतल्या माणसानं तुमच्याकडं बघितलं तरच तुम्हाला तोंड उघडता येतं. शकूची जागा मागच्या बाकावर, आणखी काही बायांच्या शेजारी. तिथं बायांचे हात वर असायचे आणि खुर्चीची नजर त्या हातांच्या खालून निघून जायची.

दुसऱ्यांदा निवडून आल्यावर पक्षाच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. उपाध्यक्षपद रिकामं होतं. साहेब म्हणाले, "शकूताई, तुमचं नाव मनात आहे. महिला आहात, ग्रामीण आहात, दोनदा निवडून आलात. पण आधी ह्या अधिवेशनात तालिकेवर बसा. लोक हसले नाहीत, तर पुढचं बघू."

तालिका म्हणजे काय, तर अध्यक्ष जेवायला किंवा चहाला उठले की तेवढ्यापुरतं खुर्चीत बसायला काही आमदार नेमून ठेवलेले असतात. भिवाजी ह्याला 'बदली ड्रायव्हर' म्हणतो.

ही बातमी शकूनं पहिली सांगितली सफुराला. सफुरा ही खलीलची बायको, नाक्यावर त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या, आणि आजही शकू आमदाराच्या गाडीतून उतरते ती आधी त्या दुकानात, मग घरी.

"म्हंजे तू त्या उंच खुर्चीवर बसनार?" सफुरानं विचारलं.

"बसले तर. हसू नाय झालं तर."

"आन् खुर्चीवर बसलीस की भाषण करता येतं?"

"नाय. खुर्चीवाल्यानं गप ऱ्हायचं, दुसऱ्यांना बोलू द्यायचं."

सफुरा हातातली बांगडी खाली ठेवून हसायला लागली. "या अल्ला! बायकांना बोलू देत नाय म्हनून बोंबलत व्हतीस, आन् आता सोताचंच तोंड शिवायला निघालीस?"

"माजं बंद होईल गं. पन मागल्या बाकावरच्यांचं उघडंल. नजर माजी असंल ना. मी बघीन त्यांच्याकडं." मग शकू म्हणाली, "मला ती खुर्ची पायजे, सफुरा. लय पायजे. तुलाच सांगते."

सफुरानं पुढं चेष्टा केली नाही. म्हणजे त्या दिवशी केली नाही.

मग घरात शिकवणी सुरू झाली. शकूची सून श्रद्धा, नेरळच्या शाळेत मराठी शिकवते. तिनं सासूला समोर बसवलं. सभागृहात ठराव मताला टाकताना खुर्चीनं म्हणायचं असतं, 'जे बाजूने असतील त्यांनी होय म्हणावे, विरोधात असतील त्यांनी नाही म्हणावे.' मग ज्या बाजूचा आवाज मोठा तिच्या नावानं 'होयचे बहुमत' असं तीनदा जाहीर करायचं. तिसऱ्यांदा म्हटलं की पक्कं.

अडचण एवढीच की आमच्याकडं होकाराला 'हां' म्हणतात आणि 'आहे'ला 'हाय'. 'होय' हा शब्द कळंबात शाळेच्या पुस्तकाबाहेर कुणी पाहिलेला नाही.

"आई, म्हणा. होय."

"हो... य."

"तोडू नका. एका दमात."

"हाय."

"आई!"

"अगं, जीभ आपसूक तिथंच जाते. गोठ्यातलं जनावर कसं, सोडलं की आपल्याच दावनीला."

महिनाभर हे चाललं. शकूला 'होय' जमलं, 'आहे' अर्धं जमलं. खरा फायदा झाला भिवाजीचा. तो कोपऱ्यात बसून ऐकायचा. एक दिवस नाक्यावर येऊन टपरीवाल्याला म्हणाला, "मला एक चहा हवा आहे." टपरीवाल्याला वाटलं हा आजारी आहे. तेव्हापासून भिवाजी नाक्यावर आला की आम्ही सगळे उठून उभे राहतो आणि म्हणतो, "यावे, आपली वाटच पाहत आहोत."

अधिवेशन सुरू झालं. पहिले काही दिवस शकूनं छान निभावले. अध्यक्ष उठले की ही बसायची. होय म्हणावे, नाही म्हणावे, होयचे बहुमत. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या दोन बायांना बोलायला वेळही मिळाला. साहेब लांबून मान हलवायचे. बातमी पक्की होत आली होती.

त्या दिवशीचं मी सांगतो ते भिवाजीच्या तोंडून ऐकलेलं. तो वरच्या गॅलरीत बसला होता. त्यानं सांगितल्यातलं निम्मं मी गाळलंय, उरलेलं खरं असावं.

जेवणानंतरची वेळ. बाजार समित्यांच्या कायद्यातली कसलीशी दुरुस्ती मंजूर करायची होती. सरकारी बाकांवरची मंडळी निम्मी उपाहारगृहात. विरोधक मात्र सगळे हजर आणि सगळे संतापलेले. ते खुर्चीसमोरच्या मोकळ्या जागेत उतरले. तिला हौद म्हणतात, पाणी नसतं, पण माणसं बुचकळतात. तिथं उभं राहून ते ओरडत होते, "सरकार हाय हाय! मंत्री हाय हाय!"

वर शकू. कानावर सारखं हाय हाय आदळतंय. समोर कागद. तिनं दम घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "जे बाजूनं असतील त्यांनी हाय म्हणावं!"

आणि हौदातून एकमुखानं आवाज आला, "हाय हाय!"

सरकारी बाकावरून हसण्याचा असा स्फोट झाला की एका मंत्र्याचा चष्मा नाकावरून निसटला. विरोधकांना कळेना काय झालं. कळलं तेव्हा त्यांची तोंडं उघडी ती मिटेनात. ज्या विधेयकाला विरोध करायला ते उतरले, त्यालाच त्यांनी हौदात उभं राहून पाठिंबा दिला होता. आणि विरोधात 'नाही' म्हणायचं, हे त्या गोंधळात कुणाला सुचलंच नाही.

शकूच्या तोंडून सवयीनं पुढचं निघालंसुद्धा. "हायचं बहुमत. हायचं बहुमत..."

आणि ती थांबली. तिसऱ्यांदा म्हणायचं राहिलं.

विरोधी पक्षनेते पुढं आले. वयस्कर माणूस, तापलेला. "अध्यक्ष महोदया, आमची हरकत आहे! हाय म्हणजे होय नव्हे! आम्हाला मतविभागणी हवी!"

सरकारी बाजूला प्रतोद म्हणून एक असतो, आपल्या आमदारांना मतदानाला हाकून आणणारा. तो उभा राहून शकूला तीन बोटं दाखवायला लागला. तिसऱ्यांदा म्हणा, म्हणा! गॅलरीत भिवाजीला वाटलं, तीन चहा मागवतोय. पण शकूला कळलं. तिसऱ्यांदा म्हटलं की विधेयक मंजूर, सरकार खूश, साहेब खूश, खुर्ची पदरात. नाही म्हटलं, तर परत मतदान. बाकं निम्मी रिकामी, सरकार पडायचं तोंडावर, आणि वर आपली जीभ घसरली हे सगळ्या राज्यासमोर कबूल करायचं. ज्या हसण्याला ती सहा वर्षं भीत होती, ते हसणं आपल्या हातानं ओढवून घ्यायचं.

भिवाजी सांगतो, तिनं पदर सारखा केला. घरात ती भांडायच्या आधी तसं करते, म्हणून त्यालाही घाम फुटला.

"बसा," ती म्हणाली. सगळे बसले. "चूक माज्या जिभेची हाय. आमच्या कळंबात हाय म्हंजे आहे. तुमच्या मोर्चात हाय म्हंजे मेलो. आन् हितं पायजे व्हतं होय. ह्यात तुमचं मत कुटलं, ते मला धरता येत नाय. मत परत घ्यायचं. आन् कुनाला अजून हाय हाय करायचं असंल त्यांनी आताच करून घ्या, मी थांबते."

विरोधी पक्षनेत्याला हसू फुटलं. त्यानं ते मिशीत दाबलं, पण कॅमेऱ्यानं धरलंच.

मतविभागणी, म्हणजे डोकी मोजून मतदान, मागितली की घंटा वाजते, आणि ती वाजत असेपर्यंत बाहेरच्यांना आत यायला मुभा असते. घंटा वाजली आणि उपाहारगृहातून सरकारी आमदार पळत सुटले. एकाच्या हातात वडा तसाच. एक राज्यमंत्री गळ्याला रुमाल खोचलेल्या अवस्थेत धापा टाकत आला आणि चुकून विरोधी बाकावर जाऊन बसला. त्याला हाताला धरून उठवावं लागलं. विधेयक मंजूर झालं, पण थोडक्यात. काठावर.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "तिसऱ्यांदा म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"साहेब, ते हाय हाय वरडत व्हते. त्याला मी होकार कसा धरू? घरी नवरा पोट धरून हाय हाय करीत लोळला, तर ते मी होकार धरते काय?"

साहेब हसले नाहीत. "सरकार पडलं असतं. उपाध्यक्षपदाचं आता विसरा, ताई."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर आमची शकू. 'हाय म्हणावं!' आणि खाली हसण्याचा आवाज जोडलेला. खालापुरातल्या पोरांनी त्यावर गाणं केलं. नाक्यावर खलीलचा नातू झुहेब येणाऱ्याजाणाऱ्याला हात उंचावून 'हाय हाय!' करत होता, त्याला आजोबांनी कान धरून आत नेलं.

शकू आली ती सरळ दुकानात. सफुरानं स्टूल पुढं सरकवलं.

"गेली का खुर्ची?"

"गेली."

"रडलीस?"

"गाडीत. शिळफाट्याला गाडी अडकली तवा वेळ व्हता."

"मग बरं झालं शिळफाटा हाय तो." सफुरानं चहा सांगितला. "तुला म्हायतीये, मी असते तर तिसऱ्यांदा बोलून मोकळी झाले असते. आन् चवथ्यांदा बी."

"म्हनून तू बांगड्या इकतेस."

"आन् तू काय इकतेस गं? उघड तरी जरा दुकान, मला बी बघू दे!"

दोघी हसल्या, तेवढ्यात दुकानातल्या टीव्हीवर विरोधी पक्षनेत्याचा चेहरा आला. खलीलनं आवाज वाढवला. तो म्हातारा म्हणत होता, "आम्ही उपाध्यक्षपदासाठी उमेदवार देणार होतो. पण सत्ताधाऱ्यांनी शकुंतलाताई कोळंबे ह्यांचं नाव दिलं, तर आम्ही माघार घेऊ. ज्या बाई स्वतःच्या जिभेविरुद्ध निकाल देतात, त्यांच्यासमोर आम्ही निवांत भांडू शकतो. दुसरं कुणी असेल, तर मात्र लढत होईल."

सफुराच्या हातातला चहा सांडला, तोही गिऱ्हाइकाच्या ओढणीवर. शकूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग फोन वाजला. साहेब.

"शकूताई, अभिनंदन! तुमचं नाव तर आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं."

"हां साहेब," शकू म्हणाली. "काल तुमी इसरा म्हनालात, ते मी इसरले."

निवड बिनविरोध झाली. त्या दिवशी अध्यक्षांनी ठराव मताला टाकताना 'होय' हा शब्द इतका सावकाश आणि स्वच्छ उच्चारला की श्रद्धाला वर्गात दाखवायला ती चित्रफीत चालेल. भिवाजीनं शुद्ध भाषेत पेढे वाटले.

आणि परवा, उपाध्यक्षा म्हणून तिचा पहिला पूर्ण दिवस. नाक्यावरचे आम्ही सगळे खलीलच्या दुकानात दाटीवाटीनं टीव्हीसमोर. अध्यक्ष उठले, शकू बसली. बसल्या बसल्या तिनं मान उचलून थेट मागच्या बाकाकडं बघितलं आणि एका बाईचं नाव पुकारलं. विदर्भातली आमदार, गेलं अख्खं अधिवेशन हात वर करून बसलेली. बाईला आधी खरंच वाटेना. तिनं मागं वळून पाहिलं, आपल्याच नावाची दुसरी कुणी आहे का. मग उठली.

"अध्यक्ष महोदया, आता मले बोलू द्या, मी लय दिवसाची थांबून हाव," असं म्हणून तिनं जे सुरू केलं! रस्ते झाले, दवाखाना झाला, शाळेचं छप्पर झालं. शकूनं घंटा वाजवली. बाई म्हणाली, "आणखी दोनच मुद्दे." दोन झाले, चार झाले. परत घंटा. एक मंत्री अडवायला उठला, त्याला शकूनं हातानं खाली बसवलं. स्वतः गालावर हात ठेवून ऐकत राहिली.

दुकानात बांगड्या भरायला आलेल्या बाया खोळंबल्या होत्या. खलील वैतागला. "ही बाई थांबनार कदी?"

"थांबंल," सफुरा म्हणाली, टीव्हीवरची नजर न काढता. "नवीन हाय. बोलायला मिळायची सवय नाय अजून."